३२ फुटी फायबर बोटीची डिझेल टाकी: पत्रा कोणता, आणि कॉक, होज, पॅकिंग कशाचं?

मालवणी_सुकाणू

नमस्कार मंडळी. फायबरची ३२ फुटी मासेमारी बोट, आत बसवलेलं डिझेल इंजिन. टाकी एमएसची (माइल्ड स्टील, साधं लोखंड), ३ मिमी पत्रा, माप १०० × ५० × ४० सेंमी. तळाला मागच्या कोपऱ्यात पाझर सुटला म्हणून बाहेर काढली. वरचा पत्रा आणि चारही बाजू ठणठणीत, तळ मात्र पापुद्रे सुटलेला. आत बोटभर पाणी आणि काळी गाद (गाळ). टाकी दोन लाकडी ओंडक्यांवर होती, मध्ये गोणपाट घातलेलं.

३१ जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपते, त्याआधी नवी टाकी बसायला हवी. पुन्हा एमएस, एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४, एसएस ३१६ की अॅल्युमिनियम? कुणी काळी प्लास्टिकची टाकी घ्या म्हणतं. जुन्या टाकीला जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) निपल, पितळी कॉक, तांब्याची नळी आणि रिटर्नला (इंजिनातून परत येणाऱ्या डिझेलला) पारदर्शक प्लास्टिकची नळी आहे. यातलं काय परत वापरता येईल?

जाता जाता आणखी एक. आउटबोर्डच्या छोट्या होडीला फायबरमध्येच बांधलेली पेट्रोलची टाकी आहे. तिला वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल चालेल का?

पत्रा_आणि_टिग

अर्धं उत्तर तुमच्या वर्णनातच आहे. डिझेल टाकी खात नाही, पाणी खातं. बाजूंना डिझेल लागत राहिलं म्हणून त्या टिकल्या. तळाला आतून पाणी आणि बाहेरून ओलं गोणपाट, म्हणून तो दोन्हीकडून गेला. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि बोट मागे कललेली असल्याने मागच्या कोपऱ्यात जमतं. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात तिथे बुरशी आणि जिवाणू वाढतात. तुमची काळी गाद ती हीच. तिच्याखाली पत्र्याला हवा लागत नाही, आम्ल तयार होतं आणि खड्डे पडतात. त्यामुळे पत्रा कुठलाही घ्या, पाणी साठू न देणारी रचना नसेल तर फक्त गळतीची तारीख पुढे जाते.

आता पत्रा.

एसएस ३०४ नको. घरच्या पाण्याला उत्तम आहे, पण खाऱ्या पाण्यात त्याला टाचणीएवढी छिद्रं पडतात. स्टेनलेसचं संरक्षण म्हणजे वरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर, आणि तो टिकायला हवा लागते. पट्ट्याखाली, ओल्या लाकडाखाली, गाळाखाली हवा नाही आणि मीठ मात्र आहे, तिथे थर फाटला की परत धरत नाही. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते या हल्ल्याला जास्त काळ दाद देत नाही. पण घ्यायचं ते ३१६ एल. 'एल' म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांपर्यंतच. साध्या ३१६ ला वेल्डिंग करताना सांध्याच्या बाजूच्या पट्ट्यात कार्बन क्रोमियमला धरून बसतो, तो पट्टा संरक्षण गमावतो आणि गळती नेमकी सांध्याशेजारी सुरू होते.

वजनाचा हिशोब करा. तुमच्या मापाच्या टाकीचं एकूण क्षेत्र २.२ चौरस मीटर. ३१६ एल, ३ मिमी घेतला तर सुमारे ५३ किलो. अॅल्युमिनियम ४ मिमी सुमारे २३ किलो. एमएस ४ मिमी सुमारे ६९ किलो. डिझेल हिंदकळू नये म्हणून आत घालतात ते आडवे पत्रे वेगळे. टाकीत बसतं २०० लिटर, पण भरायचं १९० च्या आसपास, कारण तापमान ३० अंशांनी वाढलं तर २०० लिटर डिझेल जवळपास ५ लिटरने फुगतं. उरलेली जागा हिंदकळण्यासाठी.

अॅल्युमिनियम घेणार असाल तर ५०५२, ५०८३ किंवा ५०८६, दुसरं काही नको. दुकानात 'मरीन' म्हणून दाखवतात तो पत्रा कित्येकदा साधा मऊ असतो. या तिघांत तांबं ०.१ टक्क्यापेक्षा जास्त नसतं आणि तेच महत्त्वाचं. इंजिनाच्या सायलेन्सरजवळ टाकी असेल तर ५०५२ बरं. ५०८३ आणि ५०८६ मध्ये मॅग्नेशियम तीन टक्क्यांच्या वर जातं, आणि असा पत्रा सतत ६५ अंशांच्या वर तापत राहिला की त्याची गंजरोधकता घटते.

कापणी अशी करा. तळ आणि दोन्ही लांब बाजू एकाच पत्र्यातून वाकवून घ्या: ४० + ५० + ४० म्हणजे १३० सेंमी, रुंदी १०० सेंमी. १२५० × २५०० मिमीच्या पत्र्यात आरामात बसतं. मग खालच्या लांब कडांना सांधाच राहत नाही. ५०८३ वाकवताना आतली त्रिज्या ४ मिमी पत्र्याला ८ ते १२ मिमी ठेवा, काटकोनात दाबलं तर बाहेरच्या बाजूला बारीक चिरा जातात. मध्ये ५० सेंमीवर एक आडवा पत्रा. त्याचे खालचे दोन्ही कोपरे पाव वर्तुळात, ४० मिमी कापा, म्हणजे पाणी अडणार नाही. वरचेही कापा, हवा सुटेल. पण भोकं एकूण क्षेत्राच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर तो पत्रा असून नसल्यासारखा.

तळाला मागच्या बाजूला मीटरला २० मिमी उतार. सगळ्यात खालच्या जागी ८० मिमी व्यासाच्या पाईपचा ५० मिमी खोल तुकडा, टाकीच्याच धातूचा, खालून बंद आणि त्याला अर्ध्या इंची ड्रेन प्लग. त्यात पाव लिटर पाणी जमतं. इंजिनाकडे जाणारा ओढ पाईप वरून उतरवा आणि तळापासून २५ मिमी वर थांबवा. रिटर्न आडव्या पत्र्याच्या पलीकडच्या खणात सोडा, नाहीतर इंजिनातून आलेलं गरम, फेसाळ डिझेल लगेच परत ओढलं जातं.

डिपच्या (पातळी मोजायच्या) काठीखाली ५० × ५० मिमी, ६ मिमी जाडीचा तुकडा तळाला चारही बाजूंनी वेल्ड करा. काठी रोज एकाच जागी आपटते. तिथे थर खरवडला जातो आणि खड्डा तिथूनच सुरू होतो. एवढ्या तुकड्याला खर्च शून्य, आणि बहुतेक टाक्यांत तो नसतो.

ट्रॉलर_फोरमन

वरचं सगळं पटतं, पण एमएस इतक्या पटकन मोडीत काढू नका. ट्रॉलरवर दोन हजार लिटरच्या टाक्या एमएसच्याच असतात आणि नीट केल्या तर वर्षानुवर्षं चालतात. तुमची टाकी गेली कारण पत्रा ३ मिमी होता आणि खाली गोणपाट होतं. ५ मिमी घेतला असता तर गंजायला जाडी उरली असती. वजन ८६ किलो भरेल, ३२ फुटी बोटीला ते जड नाही.

दुसरं म्हणजे ३१६ एल चं वेल्डिंग. टिग (आरगॉन वायूच्या आवरणात केलेलं वेल्डिंग), शुद्ध आरगॉन, ३१६ एल चीच फिलर रॉड, आणि आतूनही आरगॉन सोडावा लागतो. आतला सांधा उघड्या हवेत जळला तर तो काळा, खरबरीत होतो आणि तिथेच गंज धरतो. नंतर पिकलिंग पेस्ट लावून सांध्याचा निळा-तपकिरी डाग घालवायचा, भरपूर गोड्या पाण्याने धुवायचं. यातलं किती काम तुमच्या गावच्या वेल्डिंगवाल्याकडे होतं, ते आधी बघा. एमएसवर वापरलेली ग्राइंडिंग डिस्क किंवा तारेचा ब्रश स्टेनलेसवर फिरवला तरी लोखंडाचे कण रुतून तांबेरा येतो. वाईट वेल्ड केलेलं ३१६ चांगल्या वेल्ड केलेल्या एमएसच्या आधी गळतं.

एमएस करणार असाल तर बाहेरून सँडब्लास्टिंग, एपॉक्सी प्रायमर, त्यावर कोलटार एपॉक्सीचे दोन हात. आतून काहीही लावू नका. रेड ऑक्साइड तर अजिबात नाही. डिझेल तो रंग सोलतं, पापुद्रे फिल्टरमध्ये जातात आणि इंजिन ऐन खाडीच्या तोंडाशी दम टाकतं. आतून गॅल्व्हनाइज तर कधीच नाही. डिझेलमधल्या सेंद्रिय आम्लांशी जस्ताची प्रक्रिया होऊन साबणासारखा लगदा होतो, तो फिल्टर आणि इंजेक्टर दोन्ही बसवतो. तुमचे जीआय निपल याच कारणासाठी भंगारात द्या.

पत्रा_आणि_टिग

फोरमनसाहेबांचा वेल्डिंगचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. आतून आरगॉन न सोडता काम करणारा असेल तर ३१६ एल वर पैसे घालू नका. पण ट्रॉलर आणि ही बोट यात एक फरक आहे. ट्रॉलरच्या टाकीभोवती माणूस फिरतो, ठोकून बघतो, रंग मारतो. ३२ फुटी फायबरमध्ये टाकी डेकखाली बंद होते आणि ती काढायला बहुधा डेक कापावं लागतं. जिथे हात पोचत नाही तिथे मी एमएस घालणार नाही. टाकीला मॅनहोल (आत हात घालून साफ करायचं तोंड) आणि डेकला उघडझाप होणारं झाकण ठेवणार असाल तर ५ मिमी एमएस हा प्रामाणिक पर्याय आहे.

मालवणी_सुकाणू

डेक कापूनच काढली, आता वर झाकण करून घेणार आहे. एका दुकानदाराने ३१६ दाखवलं, लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे अस्सल म्हणाला. आणि प्लास्टिकच्या टाकीबद्दल कुणीच बोललं नाही.

धातू_तपासनीस

लोहचुंबकाने काहीही सिद्ध होत नाही. ३०४, ३१६ आणि स्वस्तातलं २०२, तिघांनाही तो चिकटत नाही. वाकवलेल्या कडेला थोडा ओढला जातो, तोही तिघांच्या बाबतीत. आपल्याकडे २०० मालिकेचं स्टेनलेस, म्हणजे निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं, ३०४ म्हणून खपवलं जाणं नवीन नाही.

तपासायचे तीन मार्ग. पहिला, गिरणीचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यातला हीट नंबर (धातूच्या त्या घाण्याचा क्रमांक) पत्र्यावर छापलेल्या नंबराशी जुळवा. कापलेला तुकडा घेतला तर नंबर नसतो, म्हणून पूर्ण पत्रा घ्या किंवा कापण्यापूर्वी फोटो काढा. दुसरा, मॉलिब्डेनमची थेंब-चाचणी. बाटली आणि छोट्या बॅटरीचा संच बाजारात मिळतो, ३१६ वर थेंबाचा रंग बदलतो, ३०४ वर तसा बदलत नाही. मँगनीजसाठी वेगळा थेंब असतो, तो २०२ पकडतो. तिसरा आणि सगळ्यात खात्रीचा, एक्स-रे बंदुकीने मिश्रण वाचून घेणं. मुंबईत गुलालवाडीच्या धातूबाजारातून माल येणार असेल तर बिलावर 'एसएस ३१६ एल' असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं 'एसएस शीट' लिहिलेल्या बिलावर नंतर कुणी जबाबदारी घेत नाही. पत्र्याइतकीच तपासणी निपल आणि फ्लँजचीही करा, भेसळ तिथे जास्त असते.

प्लास्टिकबद्दल. छतावरची काळी पाण्याची टाकी इंधनाला वापरू नका. ती पाण्यासाठी बनवलेली असते, डिझेलमध्ये मऊ पडते, ताणलेल्या जागी तडकते, झाकण हवाबंद नसतं आणि जोडाचे आटे इंधनासाठी नसतात. बोटीच्या इंधनासाठी म्हणून साच्यात फिरवून केलेल्या जाड पॉलिइथिलिनच्या टाक्या वेगळ्या. त्या गंजत नाहीत, हलक्या असतात, चांगल्या आहेत. मात्र पहिल्यांदा इंधन भरल्यावर त्या सुमारे दोन टक्के फुगतात. मीटरभर टाकीला २० मिमी. म्हणून चारी बाजूंना घट्ट पाचर मारून बसवली की कोपरा किंवा जोड फाटतो. जागा सोडून बसवावी आणि जोडाला सैल वळण असलेला होज द्यावा, सरळ कडक पाईप नको. अडचण एकच, तुमचं माप त्यात तयार मिळेलच असं नाही, आणि ऑर्डर देऊन बंदीच्या मुदतीत हाती पडणं अवघड.

किनारा_सर्व्हे

आता बैठक, कारण बाहेरून टाकी खाणारी जागा तीच. लाकूड, गोणपाट, चटई, फोम, सिमेंट यातलं काहीही टाकीला टेकता कामा नये. ओल धरणारी कुठलीही वस्तू पत्र्याला चिकटून राहिली की तिच्याखाली खारं पाणी आणि हवा नाही, असं होतं. अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसते, एसएसवर बारीक छिद्रं. सिमेंट तर अल्कधर्मी, अॅल्युमिनियम खातंच.

त्याऐवजी १० मिमी जाड, ५० मिमी रुंद एचडीपीईच्या (कडक प्लास्टिकच्या) चार पट्ट्या घ्या. टाकीच्या तळाला पॉलियुरेथेन सीलंटचा पूर्ण थर देऊन चिकटवा. मध्ये टिपके मारायचे नाहीत, पट्टी आणि पत्रा यांच्यात पाणी शिरायला फट राहते. टाकीखाली आणि चारही बाजूंना २५ मिमी मोकळी हवा. भरलेली टाकी एसएसमध्ये सुमारे २१० ते २२० किलो होते आणि लाटेवर आदळताना हा भार कितीतरी पटीने वाढतो, म्हणून पट्ट्यांच्या खालचे आधार फायबरच्या स्ट्रिंगरला (बोटीच्या तळातल्या लांब आधारपट्ट्यांना) लॅमिनेट केलेले असावेत. आवळपट्ट्याही एसएसच्या, आणि त्यांच्याखालीही एचडीपीई. बिल्जचं (बोटीच्या तळाशी साचणारं) पाणी टाकीच्या तळाला लागणार असेल तर टाकी तेवढी वर उचला.

भरण्याचं तोंड आणि ब्रीदर (टाकीतली हवा सोडणारी नळी). टाकीत आलेलं बहुतेक पाणी हवेतल्या दमटपणाचं नसून डेकवरच्या झाकणातून आलेलं असतं. झाकणाची ओ-रिंग दर मोसमाला बदला. भरण्याचा होज आतून ३८ मिमी, ब्रीदर आतून १६ मिमी, डेकपासून किमान हातभर उंच आणि तोंड खाली वळवलेलं. बारीक ब्रीदर लावला की जेटीवरच्या पंपाच्या जोरात डिझेल उलटून येतं आणि टाकीवर नाहक दाब बसतो.

झाकणाची धातूची चकती आणि टाकी एका तांब्याच्या वायरने जोडा आणि बोटीच्या अर्थिंगला न्या. मध्ये रबरी होज असल्याने स्थिर वीज उतरायला दुसरी वाट नसते. पेट्रोलला तर हे न टाळण्यासारखं.

टाकीबाहेर पारदर्शक नळी लावून डिझेलची पातळी बघायची पद्धत आहे. आग लागली तर पहिल्यांदा तीच वितळते आणि सगळी टाकी आगीत ओतते. लावायचीच असेल तर खाली हात सोडला की आपोआप बंद होणारा कॉक हवा. त्यापेक्षा डिपची काठी बरी.

प्रवासीही नेत असाल तर टाकी बदलण्याआधी मेरीटाइम बोर्डाच्या सर्व्हेअरला विचारा, नंतर वाद नको.

होज_पॅकिंग_वाला

छोट्या भागांकडे येऊ. बोटीच्या टाकीची गळती पत्र्याआधी इथे सुरू होते.

पितळी कॉक: साध्या पितळातलं जस्त खाऱ्या ओलीत निघून जातं, उरतं लालसर, ठिसूळ तांबं. वरून दिसायला कॉक शाबूत, हात दिला की तुटतो. एसएस टाकीला एसएस ३१६ चा पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व, टेफ्लॉन सीटचा लावा. अॅल्युमिनियम टाकीवर पितळ किंवा गनमेटल थेट आटून बसवणं म्हणजे टाकीला अॅनोड करणं. आट्याभोवतीचं अॅल्युमिनियम पांढरं होऊन गळतं. मध्ये एसएसचा निपल हवाच.

एसएसवर एसएसचे आटे जाम होतात, जोर लावला तर एकमेकांना सोलून कायमचे बसतात. म्हणून आट्यांना इंधनाला टिकणारी द्रव पेस्ट लावा आणि सावकाश आवळा. टेफ्लॉन टेपचे तुकडे सुटून ओढ पाईपमार्गे फिल्टरमध्ये जातात, तो मोह टाळा. अॅल्युमिनियमवर तांब्याची किंवा ग्राफाइटची अँटी-सीझ पेस्ट लावू नका, दोन्ही गंज वाढवतात.

तांब्याची नळी: डिझेलमध्ये तांबं ऑक्सिडेशनला चालना देतं, गोंदासारखा चिकटा तयार होतो. वाहत्या डिझेलमध्ये फारसं जाणवत नाही, बंदीत दोन महिने साचून राहिलं की जाणवतं. त्याहून मोठी अडचण कंपनाची. तांबं हलत राहून कडक होतं आणि फ्लेअरच्या (जोडाशी रुंदावलेल्या टोकाच्या) मानेशी चिरतं. काढली आहेच, तर परत लावू नका.

होज: बाहेरच्या अंगावर आयएसओ ७८४० आणि ए१ असं छापलेलं बघून घ्या. 'ए' म्हणजे ज्वाळेत अडीच मिनिटं टिकण्याची चाचणी पास, पुढचा आकडा झिरपण्याची मर्यादा, एक हा दोनपेक्षा कडक. पारदर्शक प्लास्टिकची रिटर्न नळी तर उद्याच फेका. डिझेलमध्ये तिचा मऊपणा निघून जातो, काचेसारखी कडक होते आणि रिटर्न गरम असल्याने सगळ्यात आधी तीच फुटते. होजच्या टोकाला पाईपवर उभारलेली कड असावी, सरळ गुळगुळीत पाईपावर क्लिप घसरते. भरण्याच्या होजला प्रत्येक टोकाला दोन क्लिपा, पट्टा सलग आणि छिद्रं नसलेला, ३१६ चा. क्लिप घेताना स्क्रूला लोहचुंबक लावा. इथे मात्र तो कामाचा: पट्टा स्टेनलेस आणि स्क्रू साधा असा माल भरपूर आहे, आणि गंजतो तो स्क्रू.

पॅकिंग: सायकल-मोटारीच्या ट्यूबचा तुकडा मॅनहोलखाली घालायची सवय सोडा. ते रबर डिझेल पितं, फुगतं, लगदा होतं. ईपीडीएम या दुसऱ्या जातीच्या रबराचंही तसंच. पाण्याच्या पंपाला मिळणारं काळं पॅकिंग बहुतेक ईपीडीएम असतं, म्हणून दुकानात नाव विचारून घ्या. कॉर्क वाळतं आणि आकसतं. सिलिकॉन सीलंट डिझेलमध्ये फुगून सुटतं. डिझेलला नायट्राइल रबर, ३ मिमी. पेट्रोल किंवा बायोडिझेल मिसळलेलं डिझेल असेल तर व्हायटन, महाग आहे पण घ्या.

मॅनहोलचे बोल्ट आरपार घालू नका, प्रत्येक भोक ही गळतीची जागा होते. टाकीला आतून १० मिमी जाडीची रिंग वेल्ड करा, तिच्यात एम६ चे आटे आरपार न जाता पाडा, स्टड बसवा आणि वरून झाकण. १५० मिमीच्या तोंडाला बारा स्टड पुरतात. हात आत जाऊन तळ पुसता येईल एवढं तोंड मात्र ठेवा. आडव्या पत्र्याने दोन खण होतात, तेव्हा प्रत्येक खणाला वेगळं.

आउटबोर्ड_डॉक्टर

पेट्रोलच्या होडीचं वेगळं आणि थोडक्यात. फायबरमध्येच बांधलेली टाकी २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला वापरू नका. साधं पॉलिएस्टर रेझिन इथेनॉलमध्ये मऊ पडतं, त्यातला अंश पेट्रोलमध्ये उतरतो आणि इनटेक व्हॉल्व, कार्ब्युरेटरवर काळा गोंद बसतो. अमेरिकेत २००० च्या दशकाच्या मध्यास पेट्रोलमध्ये एमटीबीई या आधी मिसळत असलेल्या रसायनाच्या जागी दहा टक्के इथेनॉल आलं, तेव्हा जुन्या यॉटच्या फायबर टाक्यांनी नेमका हाच घोळ घातला होता. तुमच्या टाकीला कोणतं रेझिन वापरलं हे आता कळायला मार्ग नाही, तेव्हा ती कोरडी करून बाद करा आणि इंधनासाठी बनवलेली सुटी प्लास्टिक टाकी घ्या.

इंजिनचं पुस्तकही बघा. अनेक आउटबोर्डना दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं असं त्यात लिहिलेलं असतं. होज, हातपंपाचा फुगा आणि कनेक्टरमधली ओ-रिंग इथेनॉल सोसणारी हवी, जुनी काळी रबरं फुगतात आणि भेगाळतात.

इथेनॉल पाणी ओढतं. एका मर्यादेपर्यंत ते पेट्रोलमध्ये विरघळून जातं, ती ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी वेगळा थर होतो. ओढ पाईप तळाशीच असतो, इंजिन तोच थर पितं. वरचं पेट्रोल परत मिसळत नाही, सगळं काढून टाकावं लागतं. म्हणून होडी उभी राहणार असेल तेव्हा टाकीत पेट्रोल ठेवू नका, आणि कार्ब्युरेटरही इंजिन चालवून रिकामा करा.

मालवणी_सुकाणू

ठरलं: ३१६ एल, ३ मिमी. रत्नागिरीत टिगचं काम आतून आरगॉन सोडून करणारा मिळाला. आता टाकी बसवण्याआधी दाब-चाचणी कशी? गाडीच्या टायरचा कॉम्प्रेसर आहे. आणि जुनी टाकी गॅसकटरने कापून तळाचा गंज बघावा म्हणतो.

पत्रा_आणि_टिग

दोन्हीला नाही.

जुन्या टाकीला गॅसकटर लावू नका. रिकामी दिसत असली तरी गाळात आणि सांध्यांत डिझेल असतं, तापलं की वाफ होते, वाफ आणि हवा बंद खोक्यात. अशा टाक्या फुटून माणसं मेलेली आहेत. ज्याला बघायचं असेल त्याने तळाला पोकर टोचून बघावं, आणि टाकी भंगारवाल्याला देतानाही आत डिझेल होतं हे सांगावं.

कॉम्प्रेसरही नको. चाचणीचा दाब ०.२ बार पुरतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण १०० × ५० सेंमीच्या वरच्या पत्र्यावर तो एक टन जोर होतो. टायरचा कॉम्प्रेसर काही सेकंदांत त्याच्या कितीतरी पुढे जातो आणि दाबलेली हवा फुटली की पत्रा उडतो. पाण्याने करा. सगळी तोंडं प्लगने बंद करा, भरण्याच्या तोंडाला उभा, पारदर्शक होज जोडा आणि टाकी गोड्या पाण्याने भरत त्या होजमध्ये टाकीच्या माथ्यापासून दोन मीटर उंचीपर्यंत पाणी आणा. दोन मीटर पाण्याचा स्तंभ म्हणजेच ०.२ बार. हवा पूर्ण निघाली पाहिजे, एक बाजू उचलून फुगे काढा. अर्धा तास थांबा. पातळी खाली गेली तर गळतं आहे. सांध्यांना आधी खडू चोळून ठेवलात तर ओल लगेच दिसते. त्या वेळी टाकी तिच्या बैठकीवर, चारही पट्ट्यांवर टेकलेली असू द्या. २०० किलो पाणी आहे.

पाणी काढल्यावर ड्रेन उघडा ठेवून टाकी पंख्याने वाळवा, कापडाने पुसून घ्या, मग थोडं डिझेल टाकून खळखळून बाहेर काढा. ग्राइंडिंगची भुकटी त्याने निघते. तरी पहिल्या दोन-तीन वेळा भरल्यावर फिल्टरचा वाडगा रोज बघा.

होज_पॅकिंग_वाला

मॅनहोलचे स्टड समोरासमोर, फुलीच्या क्रमाने आवळा. ३ मिमी पॅकिंग पाव भाग दबलं की थांबा. आणखी पिळलं तर रबर बाजूने बाहेर फुगतं आणि मध्ये फट पडते. पहिली टाकी संपली की एकदा परत हात फिरवा, नायट्राइल सुरुवातीला थोडं बसतं. आणि ड्रेनचा प्लग बोटीत आडव्या पडलेल्या माणसाचा हात पोचेल अशा बाजूला आहे ना, हे टाकी खाली उतरवण्याआधी बघा.